पदवीचा भाव : खाजगी विद्यापीठ आणि आपली ऐपत

(बी. ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र)

बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यातील बसस्थानकांवर आणि मोंढ्याच्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईकडील विद्यापीठांचे मोठमोठे फलक दिसू लागतात. काचेच्या इमारती, हिरवळ, गळ्यात ओळखपत्र घातलेले हसरे विद्यार्थी आणि खाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के प्लेसमेंट’. ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना अशा फलकाचा अर्थ लावून देणारे कोणीतरी घरात असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माहितीपुस्तिका वाचणारे पहिले माणूस आपण स्वतःच असतो. वडील एवढेच विचारतात, ‘खर्च किती अन् नोकरी लागंल का?’ प्रश्न साधा आहे, पण अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही याहून नेमका प्रश्न मला आढळला नाही. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर जमेल तितके आकड्यांनी शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम ‘खाजगी विद्यापीठ’ म्हणजे काय ते पाहू, कारण बोलण्यात आपण तीन निरनिराळ्या संस्थांना एकच नाव देतो. पहिला प्रकार विनाअनुदानित महाविद्यालयाचा. हे खाजगी संस्थेचे असले तरी सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न असते, म्हणजे पदवी त्या विद्यापीठाची मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर प्रवेश शासनाच्या सामायिक परीक्षेतून होतात आणि शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. दुसरा प्रकार अभिमत विद्यापीठाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम ३ प्रमाणे केंद्र सरकार एखाद्या संस्थेला विद्यापीठासमान दर्जा देते. पुण्याच्या भारती विद्यापीठाला तो १९९६ साली आणि सिम्बायोसिसला २००२ साली मिळाला. तिसरा प्रकार खरे खाजगी, म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ. हे राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापिलेले असते व स्वतःची पदवी स्वतः देते. महाराष्ट्रात ही विद्यापीठे प्रामुख्याने २०१४ नंतर आली. पुण्याचे फ्लेम, नाशिकचे संदीप ही त्यांतील काही नावे. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे एमजीएम विद्यापीठ २०१९ साली कायद्याने स्थापन झाले.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, तो थेट खिशाला लागतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरेल. पूर्वी ही सवलत ५० टक्के होती. हा निर्णय विनाअनुदानित महाविद्यालयांनाही लागू आहे. मात्र खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. म्हणजे सेनगावची एखादी मुलगी शासकीय प्रवेशफेरीतून नांदेडच्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली तर तिचे शुल्क शासन भरते. तीच मुलगी तेच विषय शिकायला खाजगी विद्यापीठात गेली तर पहिल्या रुपयापासून शेवटच्या रुपयापर्यंत बापाने भरायचे. फलकावर ही ओळ छापलेली नसते. मुलीच्या शिक्षणावर खर्च करताना आपल्याकडे आधीच दहा वेळा विचार होतो, त्यामुळे ही एक ओळ अनेक मुलींच्या शिक्षणाचा निकाल लावू शकते.

आता थोडे मागे वळून पाहू. आपला भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. मराठवाडा विद्यापीठ निघाले १९५८ साली, तर नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. अशा भागात पदवी घराजवळ आली ती अनुदानित महाविद्यालयांमुळे. १९५० साली नांदेडचे पीपल्स कॉलेज निघाले, त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. अनुदानित व्यवस्थेत प्राध्यापकांचे वेतन शासन देते. म्हणून आपण बी. ए. चे वर्ष काही हजार रुपयांत काढू शकतो.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि दुसरे पर्व सुरू झाले. तोपर्यंत अभियंता होण्यासाठी आपली मुले कर्नाटकात देणगी भरून जात. तो पैसा राज्यात राहील आणि जागा वाढतील असा विचार त्यामागे होता. जागा खरोखरच वाढल्या, परंतु त्यांच्यासोबत ‘डोनेशन’ हा शब्दही घरोघर पोहोचला. त्यावर बंदी घालणारा कायदा राज्याला १९८७ साली करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले की खाजगी संस्थेला आपले शुल्क ठरविण्याचा अधिकार आहे, परंतु नफेखोरी आणि देणगी चालणार नाही. वाजवी शिल्लक कोणती आणि नफेखोरी कोणती, ही सीमा कोणी आखायची यावर पुढची अनेक वर्षे वाद चालला.

खाजगी विद्यापीठांच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक हवे. छत्तीसगड राज्याने २००२ साली एक कायदा केला. त्याखाली केवळ अधिसूचना काढून विद्यापीठ स्थापता येई. पाहता पाहता ११२ विद्यापीठे कागदावर उभी राहिली. त्यांतील कित्येकांना इमारतीच काय, शिकविण्याची धड सोयही नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष व शास्त्रज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील मुख्य कलमे रद्द केली. ती विद्यापीठे एका निकालाने नाहीशी झाली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांना इतरत्र सामावून घेण्याची सूचना न्यायालयाने दिली हे खरे, पण मधल्या काळात त्या घरांत काय झाले असेल याची कल्पना करवत नाही. आजची परिस्थिती तशी नाही. तरी विद्यापीठाचे नाव आयोगाच्या यादीत आहे का, हे शुल्क भरण्याआधी पाहणे आपल्याच हातात आहे.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे कोणत्याही एका विद्यापीठाचे नाहीत, गणित समजावे म्हणून घेतलेले आहेत. समजा तीन वर्षांच्या पदवीचे शुल्क वर्षाला दीड लाख रुपये आहे आणि वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, जाणे-येणे मिळून एक लाख. म्हणजे वर्षाला अडीच लाख, तीन वर्षांचे साडेसात लाख. वडिलांकडे हे पैसे नाहीत, म्हणून बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले. व्याजदर १० टक्के धरू. शैक्षणिक कर्जात साधारणपणे शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. या काळात सरळव्याज लावले तरी पहिल्या वर्षीच्या अडीच लाखांवर चार वर्षांचे १ लाख, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर तीन वर्षांचे ७५ हजार आणि तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर दोन वर्षांचे ५० हजार होतात. म्हणजे पहिला हप्ता सुरू होण्याआधीच साडेसात लाखांचे पावणेदहा लाख झालेले असतात. हे दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १२,९०० रुपयांचा हप्ता पडतो आणि एकूण भरणा जवळजवळ साडेपंधरा लाखांचा होतो. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे १०,५०० वर येतो, पण एकूण भरणा पावणेएकोणीस लाखांच्या पुढे जातो.

हा आकडा आपल्या मापाने मोजून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. दहा वर्षांच्या मुदतीतील एका वर्षाचे हप्ते फेडायला त्या भावाने २९ क्विंटल सोयाबीन लागते. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावरील वसमतकडचा भाग सोडला तर आपली बरीच जमीन कोरडवाहू. एकरी सात-आठ क्विंटल आले तर आपण पीक चांगले म्हणतो. म्हणजे चार एकरांचे सगळे सोयाबीन, बियाणे-खत-फवारणी-मळणीचा खर्च न वजा करता आणि मोंढ्यात हमीभाव मिळालाच असे धरून, दहा वर्षे फक्त बँकेला द्यायचे. ज्याच्या सातबाऱ्यावर एकूण चारच एकर आहेत त्याने हे गणित कोणत्या धीराने मांडावे? आता चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे, तिचे चौथे वर्ष यात धरलेलेच नाही.

बँकेचे नियमही जाणून घ्यावेत. साधारण पद्धत अशी की ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्याहून अधिक रकमेला तारण. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली. तिच्यात तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, शिवाय ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी, व्याजात ३ टक्के सवलत आहे. परंतु ही योजना देशातील निवडक संस्थांसाठीच आहे. सुरुवातीला अशा ८६० संस्था ठरल्या. त्यात येण्यासाठी खाजगी संस्थेला राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात असावे लागते. माझ्या मते गरीब विद्यार्थ्याला हीच एक चांगली कसोटी आहे. तुमच्या मनातले विद्यापीठ या यादीत नसेल तर ‘सरकार ज्या पदवीसाठी तारणाशिवाय कर्ज देण्यास तयार नाही, तिच्यासाठी माझ्या वडिलांनी जमीन का गहाण ठेवावी?’ असे स्वतःला विचारायला हरकत नाही.

खर्चाची बाजू झाली. मिळकतीची बाजू पाहताना ‘पॅकेज’ या शब्दापाशी थांबावे लागते. आपल्या संख्याशास्त्राच्या तासाला सरासरी आणि मध्यगा यांतील फरक शिकवला जातो. तो इथे उपयोगी पडतो. समजा वर्गात दहा विद्यार्थी आहेत. दोघांना नोकरी मिळाली नाही, सात जणांना वर्षाला २ लाख ४० हजारांची मिळाली आणि एका हुशार मुलाला २० लाखांची. नोकरी मिळालेल्या आठ जणांची सरासरी येते ४ लाख ६० हजार. फलकावर हाच आकडा येईल, आणि तो खोटाही म्हणता येणार नाही, जरी तेवढा पगार त्या वर्गात एकालाही मिळालेला नाही. मध्यगा मात्र २ लाख ४० हजारच राहील. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पगाराची मध्यगा द्यावी लागते आणि ती माहिती सर्वांना पाहता येते. त्यातही आकडा संस्थेनेच भरलेला असतो, आणि नोकरी न लागलेले त्यात मोजलेले नसतात, हे ध्यानात ठेवावे. २ लाख ४० हजार म्हणजे महिन्याला २० हजार. भविष्यनिर्वाह निधी वगैरे कापून हातात पडतात त्याहून कमी. त्यातून १२,९०० चा हप्ता गेला तर पुण्यात खोलीभाडे आणि खाणावळ कशातून द्यायची? अशी मुले घरी पैसे पाठवण्याऐवजी घरून मागवतात.

मग खाजगी विद्यापीठात जाऊच नये काय? असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. शिक्षणाला ‘मानवी भांडवल’ मानणारा विचार थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी मांडला. बेकर यांचे त्या नावाचे पुस्तक १९६४ सालचे. शिक्षणाने माणसाची कार्यक्षमता वाढते, म्हणून पगार वाढतो, असे ते म्हणतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली वेगळीच बाजू दाखवली. मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे एक खूण म्हणून पाहतो. पहिले मत खरे असेल तर तिथे काय शिकवतात ते पाहावे लागेल. दुसरे खरे असेल तर ती खूण बाजारात कोण ओळखतो ते पाहावे लागेल. नव्याने निघालेल्या विद्यापीठाची खूण ओळखली जायला वर्षे लागतात, आणि तोवर शुल्क मात्र नामांकित संस्थेइतके असते.

याविषयी अमेरिकेतील स्टेसी डेल व अॅलन क्रूगर यांचे २००२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन मला विशेष वाटले. सारख्याच कुवतीच्या आणि सारख्याच संस्थांकडे अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. त्यांतील काही नामांकित संस्थेत गेले, काही साध्या संस्थेत. पुढे त्यांच्या मिळकतीत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे यश संस्थेचे कमी आणि विद्यार्थ्याचे जास्त. परंतु गरीब कुटुंबातून आलेल्या मुलांना नामांकित संस्थेचा लाभ झालेला आढळला. श्रीमंताच्या मुलाला ओळखीपाळखी घरातच मिळतात, गरीबाच्या मुलाला त्या संस्थेतूनच मिळवाव्या लागतात, असा त्याचा अर्थ मी लावते. हा निष्कर्ष आपल्यासारख्यांना आशा देणारा आहे. पण तो संशोधकांनी काढला तो खरोखर निवडक संस्थांबद्दल. जिथे पैसे भरणाऱ्या कोणालाही प्रवेश मिळतो तिथे तो लावणे चुकीचे होईल.

यापुढची गोष्ट उद्दिष्टाची. आपल्या वर्गात हात वर करायला सांगितले तर निम्म्याहून अधिक जण पोलीस भरती, तलाठी किंवा लोकसेवा आयोगाचे नाव घेतील. या परीक्षांना कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. साडेसात लाखांच्या पदवीला तिथे एक गुणही जास्त मिळत नाही. ज्याला सरकारी नोकरीच करायची आहे त्याने महागडी पदवी घेणे म्हणजे एस.टी.ने जायच्या गावाला मोटार भाड्याने करण्यासारखे आहे. उलट डिझाइन, काही नवे तांत्रिक विषय, माध्यमविद्या असे जे शिक्षण आपल्या परिसरात मिळतच नाही, त्यासाठी विचार करायला जागा आहे.

मात्र आपला स्वस्त मार्ग खरोखर किती स्वस्त आहे, हेही प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. बी. ए. झाल्यावर पुण्यात अभ्यासिका, खोली, खाणावळ असे महिन्याला नऊ हजार धरले तर तीन वर्षांत सव्वातीन लाख होतात. त्या काळात जे कमावता आले असते ते वेगळेच, ज्याला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. पदवीवर वाचवलेला पैसा पदवीनंतर जातो, फक्त तो एका पावतीवर दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालाप्रमाणे २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. न शिकलेल्याला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो, हे त्यामागचे एक कारण. तरीही हा आकडा वाचल्यावर आपल्या वाचनालयातील गर्दीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

डी.एड्.चा अनुभव आपल्या भागात ताजा आहे. ‘दोन वर्षांत मास्तर’ म्हणून एके काळी घरोघरी मुले-मुली त्या अभ्यासक्रमाला घातली गेली, गावोगावी विद्यालये निघाली. २०१० नंतर शिक्षकभरती अनेक वर्षे थांबली, पुढे पात्रता परीक्षा आल्या, आणि विद्यालयांना विद्यार्थी मिळेनासे झाले. ज्या वर्षी एखाद्या पदवीला सर्वांत जास्त गर्दी असते, त्या वर्षी प्रवेश घेणारे बाहेर पडतात ते बाजार भरून गेल्यावर. आपण हळदीचे भाव पाहून पुढल्या वर्षी हळद लावतो आणि सगळ्यांनीच लावल्यावर काय होते, ते हिंगोली-वसमतच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

म्हणून प्रवेशाला जाताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि त्या लेखी घ्याव्यात. तीन किंवा चार वर्षांचे पूर्ण शुल्क किती, दरवर्षी ते वाढणार का, वसतिगृह सक्तीचे आहे का. गेल्या वर्षी आपल्याच शाखेतून किती जण बाहेर पडले व किती जणांना नोकरी लागली. शिष्यवृत्ती ‘गुणवत्तेवर’ असेल तर दुसऱ्या वर्षी गुण कमी पडल्यास ती बंद होते का. महाडीबीटीच्या यादीत ती संस्था व तो अभ्यासक्रम आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात किंवा आपल्या महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यांच्या अटी आधी वाचाव्यात. आणि शक्य असेल तर त्या संस्थेत शिकणाऱ्या आपल्या भागातील एखाद्या दादाला किंवा ताईला गाठावे. तासाभराच्या त्या बोलण्यातून जे कळते ते माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

प्रवेश घेतला आणि मन बदलले, किंवा दुसरीकडे नंबर लागला, तर काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासाठी नियम केले. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस वा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडा प्रक्रिया खर्च कापून पूर्ण शुल्क परत, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतरच्या पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ५० टक्के, आणि ३० दिवस उलटल्यावर काहीच नाही. शिवाय संस्थेने मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घ्यायची नसतात. पडताळणी करून ती लगेच परत द्यायची असतात. आपल्याकडची अनेक मुले पहिल्याच दिवशी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका खिडकीत देऊन मोकळी होतात आणि मग त्या सोडवण्यासाठी पुण्याच्या खेपा घालतात. झेरॉक्स प्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत पिशवीत घालावेत, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घेऊनच गावाकडची एस.टी. धरावी.